काळ्या कोटाचा घोडा

मालकांनी पाचवं चित्रही टेबलावर उपडं घातलं. ही त्यांची पद्धतच होती. चित्र आवडलं तर ते भिंतीला टेकवायचे आणि लांब जाऊन, मान वाकडी करून बघत बसायचे. नाही आवडलं तर उपडं घालायचे, मेलेल्या माणसाचं तोंड झाकावं तसं.

"आता काय झालं?" ठिणगीने विचारलं.

तिचं खरं नाव छापखान्यात कोणाच्याच लक्षात नव्हतं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात एक कागदवाला ओला कागद कोरडा म्हणून गळ्यात मारत होता, तेव्हा हिने त्याच्या शर्टावर शाईचा डबा ओतला आणि म्हणाली, "हा पण कोरडाच आहे." तेव्हापासून ती ठिणगी.

"खांदे," मालक म्हणाले. "खांदे रुंद आहेत."

"दरोडेखोर आहे तो, मालक. रुंदच असणार."

"म्हणजे पुरुष. म्हणजे वाचक म्हणणार, अच्छा, मुद्दाम पुरुष दाखवलाय, म्हणजे शेवटी बाई निघणार. फुटलं!"

"परवा अरुंद काढले होते."

"ती सरळसरळ बाईच होती. तेव्हाही फुटलंच."

"काल मध्यम काढले."

"काल तू माझा भाचा काढलास."

हे मात्र खरं होतं. मध्यम खांदे, मध्यम उंची, ना दाढी ना कानात काही, असं करता करता कोट घालून अंधारात उभा असलेला माणूस हुबेहूब मालकांच्या भाच्यासारखा झाला होता. भाचा ते बघून दिवसभर कोणाशी बोलला नव्हता.

आता घोडं पेंड कुठे खात होतं ते सांगायला पाहिजे.

हा छापखाना दर महिन्याला एक रहस्यकथा काढायचा. पिवळट कागद, कोटाच्या खिशात मावेल एवढं पुस्तक. सगळ्यात जास्त खपायचा तो काळा कोट. काळा कोट म्हणजे एक दरोडेखोर. तोंडाला फडकं, अंगात टाचांपर्यंत कोट, खाली वादळ नावाचा घोडा. श्रीमंतांना लुटायचा आणि पसार व्हायचा. इतकी वर्षं झाली, त्याचं तोंड कोणी बघितलं नव्हतं. आणि आता शेवटचं पुस्तक आलं होतं. लेखक दुसऱ्या गावात राहायचा, माणूसघाणा होता. त्याने मालकांना फोनवर एवढंच सांगितलं, "या वेळी शेवटी कळणार, की ज्याला इतकी वर्षं सगळे तो समजत होते, तो मुळात ती आहे. वाचक खुर्चीवरून पडेल." आणि फोन ठेवला.

मालकांनी त्याच दिवशी रस्ताभर कागद चिकटवले. तो? की ती? एवढंच लिहिलेले. सगळं गाव समजलं की काळा कोट बाई आहे.

"सगळ्यांना कळलंच आहे तर मग लपवायचं काय?" ठिणगी म्हणाली.

"कळलंय कुठे? वाटतंय," मालक म्हणाले. "चित्र बघून अजून वाटलं पाहिजे. पण कळता कामा नये. काहीतरी गडबड आहे हे दिसलं पाहिजे, पण गडबड दिसता कामा नये. एवढं साधं काम आहे."

तरी स्वतः मालकांनाही शेवट माहीत नव्हता. कोणालाच नव्हता. छापखान्याचा नियमच होता तसा. पूर्वी एक म्हातारे चित्रकार होते. ते पुस्तक पूर्ण वाचूनच चित्र काढायचे. एका पुस्तकात खुनी माळी होता. आजोबांनी मुखपृष्ठावर छान बाग काढली आणि कोपऱ्यात माळ्याच्या खुरप्याला रक्त लावून ठेवलं. का, तर प्रकरणात तसं लिहिलंय. माणूस प्रामाणिक. सगळा गठ्ठा दुकानांतून परत आला. तेव्हापासून मालकांनी कानाला खडा लावला. शेवटचं प्रकरण फक्त अण्णा वाचणार. अण्णा म्हणजे प्रुफं तपासणारे. ते दार लावून शेवट तपासायचे, दार लावून छापून घ्यायचे, आणि पुस्तक बाजारात जाईपर्यंत तो शेवट पोटात घेऊन फिरायचे. मालकसुद्धा छापल्यावर वाचायचे. "मला पण मजा यायला नको का?" म्हणायचे.

ते म्हातारे चित्रकार आता मुलीकडे राहायला गेले होते, आणि त्यांचं टेबल रिकामं पडलं होतं. खिडकीजवळचं. खाली रस्ता, समोर भरपूर उजेड. ठिणगी आजपर्यंत जिन्याखाली बसायची, भर दुपारी दिवा लावून, आणि मागच्या पानावरच्या जाहिराती काढायची. हर्नियाचे पट्टे. टकलावर केस आणणारं तेल, आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस. जिन्यावरून कोणी गेलं की तिच्या रंगात धूळ पडायची. नंतरच्या माणसाच्या डोक्यावर पण.

मालक बोलून चुकले होते. काळ्या कोटाचं मुखपृष्ठ जमलं तर खिडकी तिची. नाही जमलं तर भाच्याची. भाचा कॉम्प्युटरवर चित्रं करायचा आणि प्रत्येक चित्रात मागे सूर्य मावळवायचा. खून असो, लग्न असो, बँकेचा दरोडा असो, मागे आपला सूर्य मावळतोय. एकदा त्याने तळघराचं चित्र केलं, त्यातही खिडकी पाडून सूर्य घातला.

सहाव्या चित्रात ठिणगीने नुसता कोट काढला, खुंटीला टांगलेला.

"विकायला काढलाय का?" मालक म्हणाले. उपडं.

सातव्यात तोंड काढलं, जाड मिशी लावून.

"मिशी खोटी वाटते."

"चित्रातली मिशी खोटीच असते मालक! रंगाची असते!"

"तसं नाही. चिकटवलेली वाटते."

"चिकटवलेली वाटली तर चांगलंच ना? गडबड दिसली."

"दिसली म्हणजे कळली!" उपडं.

भाचा कोपऱ्यात खुर्चीवर झुलत होता. "मामा, मी काय म्हणतो, मागे जर—"

"तू तोंड उघडलंस तर सूर्याबरोबर तुला पण मावळवीन," ठिणगी म्हणाली.

घरी आईचं वेगळंच. आई काळ्या कोटाची जुनी वाचक, एकही पुस्तक चुकवलेलं नव्हतं. पोरगी दारात चप्पल काढतेय तोवर हिचं सुरू. "बाईच आहे ती. मी पहिल्या पुस्तकापासून सांगतेय. लुटायला गेली की सांडलेलं उचलून ठेवते. कुठला पुरुष उचलतो?"

"आई, मला जेवू दे."

"बाई काढ. पण फार देखणी काढू नकोस. राबलेली काढ."

"मला माहीत नाही गं ती बाई आहे की कोण आहे!"

"मग अण्णांना विचार."

"अण्णा मेले तरी सांगणार नाहीत."

"तुझे वडील पण असेच होते," आई म्हणाली. "मेले, तरी सांगितलं नाही घराची दुसरी किल्ली कुठे ठेवलीय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवं चित्र उपडं पडलं, आणि ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळी, कागद, पेन्सिली काखेत मारून ती धाडधाड जिना उतरली. बाहेर रस्त्यावर बर्फवाल्याची गाडी उभी होती. बर्फवाला हॉटेलात लाद्या द्यायला गेला होता आणि गाडीला जुंपलेलं जनावर डोळे अर्धे मिटून उभं होतं. गाडीच्या फळीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, बाळ्या. सगळा रस्ता त्याला बाळ्या म्हणायचा. पोरं जाता येता बाळ्याच्या पाठीवर थाप मारायची.

"तुला तरी कोणी विचारतं का खांदे रुंद की अरुंद?" ठिणगी त्याला म्हणाली, आणि पायरीवर बसून रागारागाने बाळ्याला काढायला लागली.

ठिणगीच्या हाताला एक खोड होती. तिला मनाचं काही काढताच येत नसे. समोर असेल ते, असेल तस्सं. बाळ्याची एक पापणी जराशी फाटलेली, ती आली. मानेवर पट्ट्याने झिजलेले केस आले. हल्ली बाळ्या सुटला होता, चालायला जड झाला होता, मागचा एक पाय सैल सोडून उभा राहायचा, तेही आलं. घोड्याने कागद भरून गेला. माणसाला जागाच उरली नाही. तिने एका कडेने लगाम धरलेला हातमोज्यातला हात तेवढा आत घेतला. बस.

वर जाऊन तिने ते मालकांसमोर आपटलं. "हे घ्या. घोडा. आता याच्यात शोधा बाई."

मालक ते उपडं घालायला पुढे वाकले आणि अर्ध्यावरच थांबले. मग उठले. चित्र उचललं आणि भिंतीला टेकवलं. मागे मागे गेले, भाच्याच्या पायावर पाय देऊन आणखी मागे गेले, मान वाकडी केली.

"अगं," ते म्हणाले, "अगं पोरी! घोडा! कोटवाला आहेच, पण दिसत नाही. नुसता हात! हातमोजा! आता बोंबला म्हणावं, तो की ती! घोड्यावरून कोणाला काय कळणार आहे?"

गंगेत घोडं न्हालं. मालकांनी चहा मागवला. खिडकीजवळच्या टेबलावरच्या जुन्या रंगाच्या बाटल्या स्वतःच्या हाताने बाजूला केल्या. संध्याकाळी मशीनवर घ्या म्हणाले. भाच्याने तोंड एवढंसं केलं आणि ठिणगीला पहिल्यांदाच त्याची दया आली, म्हणजे जवळजवळ आली.

तेवढ्यात अण्णा चहा प्यायला आले.

अण्णा हडकुळे, चष्मा नाकाच्या टोकावर. एका हातात कप, एका हातात बशी. त्यांनी भिंतीकडे बघितलं. कप बशीवर नाचायला लागला. मग बशी हातातच राहिली आणि कप खाली फुटला.

"हे काय आहे?"

"मुखपृष्ठ," मालक म्हणाले. "बघताय काय, ऐतिहासिक आहे."

"घोडा नको."

"का?"

अण्णांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं चाललं होतं त्यांचं. "नको म्हणजे… बरा दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही?"

"घोडा… जुना झाला. लोकांना आता नवीन काहीतरी… सायकल काढा."

"काळा कोट सायकलवरून जातो का अण्णा?"

"गेला तर काय बिघडलं? चढावर उतरेल." अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. "नाहीतर उंट."

"उंट?" ठिणगी पुढे सरकली. "अण्णा, सरळ सांगा. काय वाईट आहे माझ्या घोड्यात?"

"वाईट नाही गं पोरी. चांगला आहे. फारच चांगला आहे. तोच तर… मालक, मला घोड्यांचा त्रास होतो. शिंका येतात."

"चित्रातल्या घोड्याने?"

अण्णा शिंकले. इतकं खोटं कोणी आयुष्यात शिंकलं नसेल.

मालकांचा चेहरा पडला. अण्णा कधी कशाला नाही म्हणत नसत. वेलांटीपुढे ज्यांची धाव जात नाही असा माणूस कप फोडून नाही म्हणतोय, म्हणजे काहीतरी असणार. पण काय ते अण्णांना विचारता येत नव्हतं, कारण विचारायचं नाही हा नियम मालकांचाच.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "घोडा नको असेल तर माझ्याकडे एक तयार आहे. समुद्रावरचा."

"संध्याकाळपर्यंत ठरवा," मालक म्हणाले, आणि रंगाच्या बाटल्या परत टेबलाच्या मध्यावर सरकवल्या. कोणाच्याच बाजूला नाही.

ठिणगीने अण्णांना जिन्यात गाठलं. "तुम्हाला मी तिथे नको आहे. खिडकीत. एवढंच ना?"

"असं बोलू नकोस."

"त्या सूर्यवाल्याला बसवायचंय. तुमचं काय घेतलंय मी? तुमच्या चष्म्याची काडी मी चिकटवून दिली! दोनदा!"

"अगं बाई, मी तुझ्याचसाठी…" अण्णांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. इकडे आड, तिकडे विहीर. "मला बोलता येत नाही. शपथ आहे. एवढंच सांगतो, तुझ्या डोळ्यांना वाईट खोड आहे. दिसतं ते काढतेस. सगळं. तुझ्या आधी एक होते, त्यांना पण हीच खोड होती." आणि ते वर पळाले. त्या वयात जिना पळत चढले.

ठिणगी जिन्याखाली आपल्या अंधाऱ्या जागी बसली. चित्र पुढ्यात घेतलं. तुझ्या आधी एक होते. म्हणजे चित्रकार आजोबा. म्हणजे खुरपं. म्हणजे हिने शेवट न वाचता खुरप्याला रक्त लावलंय? पण खुरपं आहे कुठे? चित्रात एक हात आहे. हातमोजा आहे. हाताकडे अण्णांनी बघितलंसुद्धा नव्हतं. सायकल काढा म्हणाले. उंट काढा म्हणाले. कोणीही चालेल, फक्त घोडा नको.

तिने बाळ्याच्या पायापासून वर बघायला सुरुवात केली. पाय, गुडघे. मग पोट. पोट बघता बघता तिची मान आपोआप वाकडी झाली.

बर्फवाला कोपऱ्यावर हॉटेलच्या मागच्या दाराशी भुसा झटकत होता.

"काका, बाळ्याला काय खायला घालता? एवढा कसा सुटलाय?"

"सुटतोय कुठला," बर्फवाला म्हणाला. "गाभण आहे ती. होईलच आता."

"ती?"

"मग घोडा गाभण राहतो का?"

"अहो पण बाळ्या!"

"बाळ्या आधीचा. तो म्हातारा होऊन गेला. ही त्याच्या जागी आणली. गाडीवर नाव रंगवलेलं होतं, पक्क्या रंगात. आता कोण खरवडत बसणार? म्हटलं राहू दे. तिला काही वाटत नाही, मला काही वाटत नाही."

"आणि कोणी विचारलं नाही?"

"नाव लिहिलेलं असल्यावर कोण विचारतंय? आणि खाली कोण बघतंय?"

ठिणगी बर्फाच्या लादीवर बसली. बसली ती हसायलाच लागली. खालून गारठा वर यायला लागला तरी हसतच होती. वादळ! तो नाही, ती आहे, इतकी वर्षं सगळे तो समजत होते. वादळ आलं, वादळ थांबलं, वादळ दरी ओलांडून गेलं, आणि अख्खं गाव कोटातलं माणूस बाई आहे की बाप्या म्हणून डोकं फोडतंय. शेवट अण्णांच्या पोटात होता, आणि हिने तो घोड्याच्या पोटात काढून भिंतीला टेकवला होता. गावातले निम्मे वाचक गाडीवाले आणि गवळी. दुकानात लांबून बघून म्हणाले असते, अरे, ही तर भरलेली घोडी.

हसू संपलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आता तीही अण्णा झाली. मालकांना सांगावं तर शेवट फुटतो, मालकांची मजा जाते, अण्णांची शपथ मोडते. न सांगावं तर चित्र छापलं जातं, गठ्ठे परत येतात, आणि खिडकीत सूर्य मावळतो.

तिने गाडीच्या फळीवर कागद ठेवला आणि परत काढायला लागली.

संध्याकाळी तिने नवं चित्र मालकांसमोर ठेवलं तेव्हा अण्णा दाराआड अर्धे लपून उभे होते. वादळ तेच. पण आता वर काळा कोट बसला होता, आणि कोट असा वाऱ्याने पसरलेला, की मानेपासून शेपटीपर्यंत घोड्याच्या अंगावर पांघरूण पडलं होतं. पोटाचा केसही दिसत नव्हता. अण्णांनी एवढा मोठा श्वास सोडला की मालकांनी वळून बघितलं.

"पण मला नुसता घोडा आवडला होता!"

"नुसता घोडा बघून लोक म्हणतील जनावरांच्या दवाखान्याचं पुस्तक आहे," ठिणगी म्हणाली. स्वतःच्याच चित्राला नावं ठेवताना ती नखाने पेन्सिलीचा रंग खरवडत होती. "लोकांनी भांडायला पाहिजे ना? मग भांडायला माणूस नको? घोड्यावरून कोण भांडणार?"

अण्णांना ठसका लागला.

"भांडतील की नाही शंका आहे," मालक म्हणाले. "परत तेच. खांदे. खांदे दिसतायत."

मग भाचा खुर्चीवर झुलायचा थांबला.

"मामा, मागे सूर्य टाकला तर खांदे दिसणारच नाहीत. पुढचं सगळं काळं होईल. माणूस पण काळा, घोडा पण काळा."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्याच्या सूर्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होत होता. स्वतः भाचासुद्धा घाबरल्यासारखा झाला.

ठिणगीने चित्राकडे बघितलं. फाटकी पापणी, झिजलेले केस, सगळं काळ्यात जाणार होतं. तिचं पहिलं मुखपृष्ठ. तिने अण्णांकडे बघितलं. अण्णा तिच्याकडे असे बघत होते, की कसायाच्या दारातली शेळी बरी.

"टाक," ती म्हणाली. "टाक तुझा सूर्य. पण लहान."

मोठा टाकला. आतल्या पानावर छापून आलं, मुखपृष्ठ: ठिणगी. सूर्य: मालकांचा भाचा. आणि टेबलाचं विचारलं तर मालक म्हणाले, "पुस्तक कसं जातं ते बघू."

पुस्तक धो धो गेलं. दुकानांसमोर माणसं थांबून मुखपृष्ठावर बोटं नाचवायची. मान बघा मान, बाईची आहे. अहो बैठक बघा, पुरुषाची आहे. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी तशीच ठेवून एकजण भांडायला उठला. घोड्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

आईने रात्रीचं जेवण चुलीवर विसरून पुस्तक संपवलं. शेवटचं प्रकरण असं होतं. काळा कोट सरहद्दीवर पोचतो. मागे पोलीस, पुढे फाटक, फाटक उघडंच. आणि वादळ खाली बसतं. उठतच नाही. काळा कोट पळून जाऊ शकतो, पण जात नाही. अंगातला कोट काढून जमिनीवर अंथरतो, तोंडाचं फडकं सोडून त्या फडक्यानेच काहीतरी पुसायला लागतो. पोलीस येऊन पोचतात तेव्हा एक साधासा, मिशीवाला, घामेजलेला माणूस मांडीवर शिंगरू घेऊन बसलेला असतो. आणि हवालदार टोपी काढून म्हणतो, "अरेच्चा! ही तर घोडी!"

आईने पुस्तक भिंतीवर फेकलं. "घोडी! इतकी वर्षं मी त्या मेल्याला बाई समजून जीव टाकला आणि घोडी?"

"आई, हळू."

"तुला माहीत होतं!"

"चित्र काढण्यापुरतं."

आई पुस्तक उचलून आणायला गेली आणि तिकडेच पाठ करून उभी राहिली. नाक ओढल्याचा आवाज आला. "फाटक उघडं होतं गं," ती म्हणाली. "गेला नाही तरी."

पण गाव काही असं नाक ओढून गप्प बसलं नाही. सकाळी छापखान्याखाली ही गर्दी. फसवलं, फसवलं! तो की ती म्हणून चिकटवता आणि जनावरावर नेता? मशीनवाल्याने दार आतून लावून घेतलं. भाचा टेबलाखाली जाऊन बसला होता, कारण एकजण खालून ओरडत होता, "सूर्य कोणाचा आहे तो? त्या सूर्याने काही दिसलंच नाही!"

ठिणगी वर आली तेव्हा मालक मान खाली घालून उभे होते. त्यांनी रात्री पुस्तक वाचलेलं दिसत होतं, डोळे सुजले होते. गेलं टेबल, ती मनात म्हणाली. तिने आपले ब्रश गोळा करायला सुरुवात केली.

मालकांनी कपाटामागे हात घातला आणि एक उपडं पडलेलं चित्र बाहेर ओढलं. तिचं ते पहिलं, नुसत्या घोड्याचं. त्यांनी ते सुलटं केलं. पोटाकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. अण्णा पटकन छताकडे बघायला लागले. मग मालकांनी ठिणगीकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"बर्फावर बसल्यावर."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला मजा यायला नको का?"

मालकांनी चित्र भिंतीला टेकवलं. मागे मागे गेले. मान वाकडी केली. खाली लोक शिव्या घालत होते, वर हे मान वाकडी करून उभे.

"टेबल खिडकीला नीट लावून घे," ते म्हणाले. "जिन्याखाली भाचा बसेल. तिथे सूर्य येत नाही."

ठिणगीने बाटल्या मांडल्या, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा त्या खिडकीत बसली. उजेड इतका होता की तिला शिंक आली. खरी. खाली गर्दी मुठी आवळून वर बघत होती. तेवढ्यात कोपऱ्यावरून बर्फाची गाडी आली. फळीवर बाळ्या. गाडीच्या पुढ्यात तेच जड, सावकाश जनावर.

एकजण मुठीसकट थांबला. त्याने गाडीवरचं नाव वाचलं. मग घोड्याकडे बघितलं. शेजाऱ्याला कोपर मारलं. शेजाऱ्याने आणखी कोणाला. आरडाओरडा हळूहळू विरला, आणि रस्त्यावरची सगळीच्या सगळी माणसं, न्हावी, गवळी, मास्तर, पोलीस, सगळे एकदम कमरेत वाकले आणि बाळ्याच्या पोटाखाली बघायला लागले.

"काय बघताय रे मेल्यांनो!" बर्फवाला ओरडला आणि बर्फावरचं ओलं पोतं काढून त्याने घोडीच्या अंगावर टाकलं. "लाजा नाहीत का?"

ठिणगी खिडकीतून बघत होती. सकाळचा गारठा होता, सगळ्यांच्या अंगात जाड कोट होते, डोकी खाली, पाठी वर. एकामागे एक पाठी. त्यात तिची आईपण होती, एवढं तिला नक्की माहीत होतं, कारण आवाज येत होता. पण आई कुठली, बाई कुठली, बाप्या कुठला, ते वरून काही केल्या कळेना.

तिने घाईघाईने कागद ओढला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

"मालक," ती म्हणाली, "लवकर या. हे बघा, खांदे."